सिद्रामअण्णांची काच

सिद्रामअण्णा कुणाच्याही डोक्यावर आपलं हेल्मेट चढवायचे. ऊस घेऊन आलेला गाडीवान असो, कँटीनमध्ये भाकरी थापणारी गंगाबाई असो, नाहीतर कुणाला भेटायला म्हणून आलेला पाहुणा असो. अण्णा त्याला वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीनजवळ उभं करायचे, ते हेल्मेट दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर बसवायचे, मागचा पट्टा आवळायचे आणि म्हणायचे, "नोड्री." कानडीत नोड्री म्हणजे बघा. मग स्वतः हातातली साधी काच तोंडापुढं धरून ते लोखंडाला रॉड टेकवायचे. बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप काहीतरी आवाज निघायचा. गंगाबाई म्हणाली होती, "आगं बया, हे तर उकळतंय." अण्णा लहान पोरासारखे खूश व्हायचे.

मला ते बघवायचं नाही. ती वस्तू माझी असती तर मी ती कुणाच्या हाताला लागू दिली नसती, हा विचार दरवेळी मनात यायचा. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, की म्हणूनच ती माझी नाही.

आमचा सहकारी साखर कारखाना मुरुम गावच्या बाजूला, माळावर उभा राहिला. बहात्तरच्या दुष्काळात त्याच माळाच्या कडेनं माझ्या वडिलांनी रस्त्याची खडी फोडली होती आणि मी कामावर वाटलेली सुकडी मुठी भरभरून खाल्ली होती. पुढं मी आयटीआय केलं आणि कारखान्यात वेल्डर म्हणून लागलो. आमच्या वस्तीतून यंत्राला हात लावणारा मी पहिलाच. हात चांगला होता. वर्कशॉपमधले चारपाच वेल्डर मला बनसोडे मेस्त्री म्हणायला लागले. बॉयलरमधलं काम निघालं की चीफ इंजिनिअर साहेब दुसऱ्या कुणाचं नाव घेत नसत. बॉयलर म्हणजे कारखान्याचा जीव. तो थांबला की सगळं थांबतं.

त्या सुखात असताना सिद्रामअण्णा आले. ते मुरुमचे लिंगायत, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठे. कित्येक वर्षं आखातात तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डिंग करून परतलेले. ठेंगणे, रुंद, कपाळावर भस्माचे पट्टे, तोंडात सतत काहीतरी गुणगुण. घरात कानडी आणि बाहेर मराठी, त्यामुळं त्यांची मराठी थोडी हेल काढत चालायची. कामाची घाई त्यांना माहीत नव्हती. जोडापुढं बसायचे, मान इकडून तिकडून वाकडी करून बघायचे, पुन्हा बघायचे. सुपरवायझर ओरडला की म्हणायचे, "आधी बघू द्या की साहेब. लोखंड कुठं पळून जायलंय?" आणि मग एकदा रॉड लावला की शेवटपर्यंत हात थरथरत नसे. त्यांचा टाका बघितला की वाटायचं, कुणी बाईनं बसून वेणी घातलीय.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते हेल्मेट पिशवीतून काढलं. आमच्याकडं तेव्हा हातात धरायच्या काचा होत्या आणि दोनतीन जुनी हेल्मेटं. त्यांना कायमची काळी काच. ठिणगी पेटेपर्यंत त्या काचेतून काहीही दिसत नाही. म्हणून वेल्डर रॉडचं टोक जोडाजवळ नेतो, जागा डोळ्यांत धरतो, मान झटकून हेल्मेट तोंडावर पाडतो आणि अंधारातच रॉड टेकवतो. तेवढ्यात हात जरा सरकला की टाका भलतीकडं. ही मान झटकायची कला शिकायला वर्षं जातात. माझी मान त्यात तरबेज होती.

अण्णांच्या हेल्मेटची काच हिरवट होती आणि तिच्यातून सगळं दिसायचं. ठिणगी पेटली की डोळ्याचं पातं लवायच्या आत ती स्वतःच काळी व्हायची, ठिणगी विझली की पुन्हा हिरवट. मान झटकायची गरजच नाही. पाइपलाइनवरचा एक परदेशी सुपरवायझर आपल्या देशी परत जाताना अण्णांना ते देऊन गेला होता. आमच्या जिल्ह्यात तसलं दुसरं असेल असं मला वाटत नाही.

एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी ते खिळ्यावरून काढून घालून पाहिलं. एक जोड केला. रॉडचं टोक अगदी हव्या त्या ठिकाणी, केसभरही इकडंतिकडं न होता बसलं. जे मिळवायला मी इतकी वर्षं मान मोडून घेतली होती, ते या काचेनं मला फुकट दिलं. वस्तू वाईट निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. मी ती पुसून होती तशी टांगली आणि जेवायला गेलो. अण्णांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढं सरकवली. मी नको म्हणालो.

माझे वडील अधूनमधून गेटवर यायचे. गावाहून चालत, माझ्यासाठी काहीतरी फडक्यात बांधून. आत मात्र यायचे नाहीत. त्याला कारण होतं. मी नवा असताना एकदा हौसेनं त्यांना वर्कशॉपमध्ये आणलं होतं आणि हातात काळी काच दिली होती. काचेतून अंधारच दिसतो म्हटल्यावर ते म्हणाले, "काईच दिसंना की," आणि त्यांनी काच बाजूला केली. नेमका त्याच वेळी मी रॉड टेकवला. त्यांचे डोळे असे भाजले की दुसऱ्या दिवशी ते बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पडून होते. बरे झाल्यावर एवढंच म्हणाले, "तुझं काम बघायचं न्हाय, लेकरा. तू करतूस त्येवढं बास." तेव्हापासून गेट ही त्यांची हद्द झाली.

अण्णांना हे कुणीतरी सांगितलं असावं. एके दिवशी मी काम करत होतो तर अण्णा माझ्या वडिलांचा हात धरून वर्कशॉपमध्ये आले. वडील अवघडलेले. डोक्याचा पटका त्यांनी काढून काखेत धरला होता. अण्णांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि दोन्ही हातांनी हेल्मेट त्यांच्या डोक्यावर बसवलं.

"बाबा, दिसायलंय का?" अण्णांनी विचारलं.

"दिसतंय की. तुमी दिसताव. त्यो बी दिसतोय."

"मग नोड्री. डोळे झाकायचे न्हाईत." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मेस्त्री, तुम्ही मारा. बाबांना तुमचं काम बघायचंय, माझं न्हाय."

मी रॉड लावला. ऊसगाडीचा एक तुटका साटा होता, गाडीची खालची चौकट. मी शेवटपर्यंत टाका ओढला आणि काच वर केली. वडील तसेच बसून होते. हेल्मेटच्या आतून त्यांचा आवाज आला, "पानी हुतंय की रं लोखंडाचं. आन् तू त्या पान्याला वळन देतूस." मग म्हणाले, "पुन्ना एकदा दाव."

मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण घरी गेल्यावर वडिलांनी आईला, शेजाऱ्यांना, पारावरच्या माणसांना जे सांगितलं त्यात माझं नाव शेवटी यायचं. आधी यायचे ते अण्णा. "त्या अन्नानं माझ्या डोस्क्याला हात लावला. पट्टा नीट केला. बाबा म्हनला मला." हे सांगताना ते स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवायचे. मुरुमच्या कुठल्या घरचा माणूस आपल्याशी असा वागेल, असं त्यांना उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. ते मला समजत होतं. तरी मनात यायचं, बाप माझा, काम माझं, आणि दाखवणारा मात्र हा.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसू लागले. ऊस गुडघ्याएवढा राहून पिवळा पडला. यंदा कारखाना चालेल की नाही याचीच चर्चा होती. संचालक मंडळानं ठरवलं, जेवढा ऊस आहे तेवढा वाळायच्या आत गाळून टाकायचा. हंगाम लहान, पण एकही दिवस वाया जाता कामा नये. म्हणून यंत्रांची दुरुस्ती जोरात सुरू झाली आणि त्यातच वेल्डरांसाठी नवी हेल्मेटं घ्यायचं निघालं. साधी सोलापुरात मिळत होती. अण्णांसारखी, आपोआप काळी होणारी, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मागवता येणार होती. चीफ इंजिनिअर साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"वापरणारे तुम्ही आहात," ते म्हणाले. "कुठली घ्यायची, तुम्हीच सांगा."

मी आदल्या दिवसापासून हाच विचार करत होतो आणि प्रत्येक वाटेवर मला अण्णाच उभे दिसत होते. आपोआप काळी होणारी घेतली, तर अण्णा म्हणतात तेच खरं, असा शिक्का बसणार. साधी घेतली, तर तसली काच साऱ्या कारखान्यात अण्णांचीच एकट्याची राहणार. दोन्हीकडून माणूस तोच मोठा होत होता. शेवटी मी ठरवलं, निदान माझ्या तोंडून त्यांची बाजू मोठी व्हायला नको.

"साधी घ्या साहेब," मी म्हणालो. "ती काच बॅटरीवर चालते. बॅटरी संपली तर ती मुरुमच्या बाजारात मिळणार नाही. आणि बॉयलरच्या आत नळ्यांच्या गर्दीत ती दगा देईल. ठिणगी नळीच्या आड गेली तर काचेला कळणारच नाही."

हे शेवटचं मी नुसतं ठोकून दिलं होतं. तसा अनुभव मला नव्हता. जळणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या वस्तूतली खोट बरोबर सुचते, एवढंच.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. रागावून नाही, कुतूहलानं. मग साहेबांना म्हणाले, "मेस्त्री म्हणत्यात ते असेलबी. मी बॉयलरमदी ही काच कवा नेली न्हाय. पर साहेब, बाहेरच्या कामाचा विचार करा. नुसतं टॅक मारायचं असलं, म्हंजी पत्रा जागेवर धरायला एक ठिपका हितं, एक तितं, की पोरं दरवेळी मान झटकायचा कंटाळा करत्यात. डोळे मिटून मारत्यात. संध्याकाळी त्यांचे डोळे बघा, लाल असत्यात. चाळिशीत त्यांना काय दिसंल? माझी काच असली की डोळे मिटायची पाळीच येत न्हाय."

साहेब म्हणाले, "हंगाम सुरू होऊ द्या. मग बघू."

हंगाम सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत बॉयलरची एक नळी गळायला लागली. कारखाना थांबला. बाहेर बैलगाड्यांची रांग लागली. गाड्यांवरचा ऊस आधीच अर्धा वाळलेला. गाडीवान गाड्यांखाली सावलीला बसून आमच्याकडं बघत होते. बॉयलर थंड केला. आत उतरून पाहिलं तर भेग नळीच्या पाठीमागं होती. पुढून दिसत नव्हती. मागं छोटा आरसा धरायचा, आरशात बघत बघत टाका मारायचा, असं ते काम. अशा कामाला डोळा आणि हात उलटसुलट चालवावे लागतात.

मी माझं हेल्मेट घेतलं आणि निघालो. साहेबांनी मला थांबवलं.

"आरशात बघायचंय तर सिद्रामांची काच बरी नाही का? आधी नीट दिसेल तरी."

ते अण्णांकडं वळले. मला वाटलं अण्णा म्हणतील, बनसोडे मेस्त्रींना जाऊ द्या. ते तसं म्हणाले नाहीत. आपल्या काचेचं अण्णांना कौतुक होतं, आणि ती इथं चालेल असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. "बघू की," ते म्हणाले आणि हेल्मेट घेऊन आत शिरले.

मी बाहेर, बॉयलरमध्ये शिरायच्या भोकाशी उभा राहिलो. आतून अण्णांची गुणगुण ऐकू येत होती. बॉयलरचं काम माझ्या हातून गेलं होतं, तेही सगळ्यांच्या देखत. फटफट उजेड पडला, थांबला. पुन्हा पडला. मग गुणगुण बंद झाली. असं तीनचार वेळा झालं आणि अण्णा उलटे सरकत बाहेर आले. हेल्मेट काढलं तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"तुमचं खरं झालं, मेस्त्री," ते म्हणाले. "ठिणगी नळीच्या मागं जायलीय. काचेला दिसंना. ती काळी व्हायचं इसरतीय आन् सगळा उजेड आरशातून माझ्या डोळ्यात यायलाय. निस्ते पिवळे गोळे दिसत्यात. तुम्ही जावा."

मी हेल्मेट चढवलं. इतके दिवस ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता आणि तो गोड लागत होता, हे खोटं कशाला सांगू? मी आत पाय टाकणार तेवढ्यात अण्णांनी माझा दंड धरला.

"ऐका. रॉड लावायच्या आधी मी नीट बघून घेतलंय. तुम्हाला ते एका नजरंत दिसायचं न्हाय. भेग एक न्हाय. मोठी भेग आडवी हाय, तिच्या डाव्या टोकाला एक केसाएवढी भेग वर चढलीय, वरच्या वाकणाकडं. तिथून सुरू करा. ती राहिली तर उद्या पुन्हा गळंल."

मी आत गेलो. आरसा लावला, टॉर्चच्या उजेडात पाहिलं. मोठी भेग दिसत होती. केसाएवढी मला काही केल्या दिसेना. क्षणभर वाटलं, अण्णांना भास झाला असेल. पण मी त्यांनी सांगितलं तिथून सुरू केलं. लोखंड तापलं तशी ती बारीक रेघ आपोआप उघडली. अंधारात जागा धरून, मानेच्या सवयीवर मी ती भरली आणि मग मोठी भरली. बाहेर आलो तेव्हा कपडे घामानं निथळत होते. संध्याकाळी पाण्याचा दाब देऊन बघितला. एक थेंब आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्यांची रांग हलायला लागली.

त्याच सकाळी चेअरमन कामगारांच्या खोल्यांकडं आले. अण्णा बाजेवर पडून होते, डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या आणि वर ओलं फडकं. हंगामात ते कुटुंब मुरुमला ठेवून इथं एकटेच राहत, म्हणून मी चहा घेऊन आलो होतो. चेअरमन अण्णांजवळ बसले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कारखाना वाचवलात."

"माझा त्यात हात न्हाय साहेब," अण्णा म्हणाले. "टाका बनसोडे मेस्त्रींचा. आन् ही काच आत फसणार हे त्यांना आधीच ठावं होतं. त्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाय."

चेअरमननी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, शाबासकी दिली. ती शाबासकी माझ्या हक्काची होती. पण ती माझ्यापर्यंत अण्णांच्या हातून आली. केसाएवढी भेग कुणी पाहिली होती हे मी सांगायला तोंड उघडलं, तर अण्णांनी हातानंच थांबवलं आणि चहा मागितला.

चेअरमन गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. मी त्यांच्या हातात कप दिला. डोळे झाकलेला माणूस कधीकधी उघड्या डोळ्यांनी बोलणार नाही ते बोलतो.

"मेस्त्री, एक सांगू का?" अण्णा म्हणाले. "मला तुमचा लई हेवा वाटतो."

मला वाटलं ते माझी चेष्टा करताहेत. "माझा? कशाचा?"

"तुमचे वडील गेटवर येत्यात त्याचा. फडक्यात काहीतरी बांधून आणत्यात. माझा बाप मी तिकडं असताना गेला. घरच्यांनी तार केली. ती तार माझ्या हातात पडली तवर त्याला माती दिलेली होती. मी कसलं काम करतो, तिकडं कसा असतो, त्यानं कवाच बघितलं न्हाय. तुमचे वडील गेटवर दिसले की माझ्या पोटात असं जळायचं. मग एक दिवस म्हणलं, जळत बसून काय करावं? त्यांना आत तरी आणू."

ते चहा प्यायले. मी रिकामा कप त्यांच्या हातून घेतला.

त्या दिवसापासून माझा हेवा संपला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. उलट आता त्यांच्या हेव्याचाच मला हेवा वाटू लागला. जळत आम्ही दोघंही होतो. त्यांच्या जळण्यातून माझ्या बापाला मुलाचं काम दिसलं. माझ्या जळण्यातून केबिनमध्ये एक वाकडा मुद्दा निघाला आणि तो योगायोगानं खरा ठरला. पुढच्या आयुष्यात कुणाबद्दल मनात जळायला लागलं, की मी हे स्वतःला विचारून बघतो, की यातून कुणाला काही मिळणार आहे का. बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. पण विचारायची सवय मात्र अण्णांमुळं लागली.

मंडळानं साधी हेल्मेटं घेतली. अण्णा बरे झाल्यावर साहेबांना जाऊन म्हणाले होते, "आतल्या कामाला साधी, बाहेरच्याला आपोआप काळी होणारी. दोन्ही लागत्यात." पण बॉयलरमध्ये काय झालं ते सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळं त्यांचं अर्धंच वाक्य लोकांनी धरलं. पोरं पूर्वीसारखी डोळे मिटून टॅक मारत राहिली. अण्णा मग दिवसाच्या सुरुवातीला विचारायचे, "आज टॅक कुणाकडं जास्ती हायत?" आणि ज्याच्याकडं जास्त, त्याच्याकडं आपलं हेल्मेट देऊन स्वतः साधी काच घेऊन बसायचे.

पुढं एकामागून एक वाईट वर्षं आली आणि आमचा कारखाना बंद पडला. माणसं पांगली. मी सोलापुरात एका कंपनीत लागलो. अण्णांनी मुरुमला बसस्टँडच्या मागं वेल्डिंगचं दुकान टाकलं. मी गावी आलो की कधी जायचो, कधी टाळायचो. गेलो की गिऱ्हाइकांना ते माझी ओळख करून द्यायचे, "बॉयलरच्या मागनं टाका मारणारा माणूस बघायचाय का? हे बघा." मी लाजायचो, आणि मनात म्हणायचो, मी असं कुणाला कधी म्हणालो असतो का?

ते गेल्याचा निरोप मला एक दिवस उशिरा मिळाला. दुकानातच छातीत कळ आली होती. मी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. अण्णांच्या बायको, आमच्या वहिनी, दुकानाला लागून असलेल्या घराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्या आत सरकल्या नाहीत की रडल्या नाहीत. त्यांच्यापुढं एक शेतकरी संकोचून उभा होता. दुकानासमोर पत्र्याची एक टाकी पडली होती, बैलगाडीवर ठेवून पाणी आणायची. त्याही वर्षी पाणी लांबून आणावं लागत होतं. टाकीच्या तीन बाजू जोडून झाल्या होत्या, चौथी नुसती टॅक मारून ठेवलेली.

"मी कामाचा तगादा लावायला न्हाय आलो जी," तो शेतकरी मला म्हणाला. "अशीच घिऊन जातो. दुसरीकडनं करून घिईन."

वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला जमंल का? त्यांचं काम अर्धं जायला नको."

मी बूट काढून ठेवले आणि दुकानात गेलो. खिळ्यावर दोन्ही हेल्मेटं होती. अण्णांच्या काचेची बॅटरी संपून बरेच महिने झाले, असं वहिनींनी सांगितलं. मी साधं घेतलं. मशीन चालू केलं आणि टाकीशी उकिडवा बसलो. चौथी बाजू मी घाई न करता शिवली. दर थोड्या वेळानं काच वर करून शेजारचा अण्णांचा टाका बघायचो आणि माझा त्याच्यासारखा यावा म्हणून हात तसा धरायचो. घामानं डोळे चुरचुरत होते. अण्णा गेले याचं दुःख होतंच, पण त्या वेळी मला त्यांच्या तोडीचा एक तरी टाका हवा होता, आणि तो त्यांनी बघायला हवा होता.

काम झाल्यावर आम्ही टाकीला बाहेरून चुन्याचा हात मारला. चुना वाळला की आतून पाणी ओतायचं. जिथं पाझरतं तिथं चुना ओला दिसतो. शेतकऱ्यानं दोन घागरी आणून टाकीत ओतल्या आणि आम्ही दोघांनी ती एकेका बाजूला कलती केली. वहिनीही ओट्यावरून उठून बघायला आल्या. माझ्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, बोटाएवढा ठिपका ओला झाला. मी तो घासला आणि पुन्हा भरला. अण्णांच्या तिन्ही बाजूंचा चुना शेवटपर्यंत कोरडा राहिला.